माउंटवरचं नाव

फलटण,
नागपंचमीनंतरचा रविवार

चि. सोनू,


तुझा रात्री पावणेबाराचा निरोप सकाळी स्टुडिओ उघडताना वाचला. फोनवर बोलले असते तर तुझ्या रागाला माझाही राग लागला असता, म्हणून दुपारी शटर अर्धं ओढून लिहायला बसले.

चांदोबाच्या लिंबापाशी तू काढलेला एका आजींचा फोटो मला तीन ग्रुपांवरून आला. दोन ठिकाणी खाली कुणाचंच नाव नव्हतं, तिसऱ्या ठिकाणी भलत्याचंच होतं. तू चिडलीस यात काही चूक नाही. उभ्या रिंगणात सगळे कॅमेरे अश्वाच्या मागे धावतात. अश्व पुढे निघून गेल्यावर तू मागे राहिलीस, म्हणून तुला त्या आजी दिसल्या. डोक्यावर तुळस, ती कलू नये म्हणून मान ताठ, गुडघे मात्र वाकलेले, आणि टापांखालची माती चिमटीत घेऊन कपाळाकडे निघालेला हात. चाळीस वर्षं पालखी पाहतेय मी, असा फोटो मला मिळालेला नाही. त्यावर तुझं नाव असायलाच हवं. पण तू लिहितेस तसं, कुणाला कापता येऊ नये म्हणून मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते टाकू नकोस.

हे सांगायचा हक्क मला आहे, कारण मी तेच करत आले होते.

२०१९च्या मे महिन्यातलं एक लग्न. बॅलन्स यायचा होता, म्हणून सिलेक्शनसाठी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले ते शिक्का मारून. स्टुडिओचं नाव, त्याखाली मोबाइल नंबर, तिरपं, मोठं. पुढे पैसे आले, अल्बम गेला, माझ्या लेखी काम संपलं. दोन वर्षांनी नवरीचा भाऊ दुकानात आला. आई गेली होती. अल्बममध्ये तिचे फोटो होते, पण सगळे गंभीर, पाहुण्यांच्या रांगेत उभे. एकच फोटो असा होता की ती मांडवाच्या खांबाला टेकून कुणाकडे तरी बघून खळखळून हसतेय, आणि तो अल्बमसाठी निवडलेला नव्हता. तो त्यांच्याकडे होता फक्त व्हॉट्सॲपवरचा. माझ्या शिक्क्याचा.

ज्या हार्डडिस्कवर मूळ फाइल होती ती आदल्या पावसाळ्यातच गेली होती. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. मी तो शिक्का पुसायला बसले. रात्री एकपर्यंत बसले. शिक्का गेला गं, पण त्याखालचा गाल तिचा राहिला नाही. हनुवटीजवळ एक बारीक वण होता, तो अक्षरांखाली गेलेला. मी तिथे गुळगुळीत कातडी भरली. सकाळी मुलगी आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, ही आई नाही वाटत. तो पहिलाच द्या."

तेराव्याला गेले. खुर्चीवर फ्रेम, चंदनाचा हार, समोर समई. आणि त्या बाईच्या गळ्यापासून कानापर्यंत माझ्या स्टुडिओचं नाव आणि फोन नंबर. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. मुलगा तर म्हणाला, "असू द्या ताई, काम तुमचंच आहे ना." ती फ्रेम त्यांच्या बाहेरच्या खोलीत आजही आहे. त्या गल्लीतून जाताना माझी मान आपोआप खाली जाते.

त्या रात्री मला जे कळलं ते तुला सांगते. शिक्का पुसणं चोराला अवघड नाही. त्याला गाल कुणाचा होता याच्याशी काही देणंघेणं नसतं. फ्लेक्सवर लांबून बरं दिसलं की त्याचं भागतं. शिक्का नडतो तो फक्त त्याला, ज्याला ते माणूस हवं असतं.

आणि पुसणं आता किती सोपं झालंय ते बघ. २०१७ सालीच गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की एकच शिक्का शेकडो फोटोंवर मारलेला असेल तर यंत्र तो आपोआप वेगळा काढू शकतं. शंभर फोटो एकावर एक ठेव. चेहरे, झाडं, आकाश एकमेकांत मिसळून पुसट होतील आणि जे प्रत्येकावर तंतोतंत सारखं आहे तेवढंच ठळक उरेल. एकदा शिक्का असा हाती लागला की तो वजा करायचा, खालचा फोटो मोकळा. त्यांनीच उपाय सांगितला होता की दर फोटोवर शिक्का जरा वेगळा वाकवावा. पण आज साध्या फोनमध्येसुद्धा नको ते बोटाने पुसायची सोय आहे, तिथे वाकवून किती वाकवणार? २०२३ साली गेटी इमेजेसने स्टॅबिलिटी एआयवर खटला भरला, तेव्हा त्या कंपनीच्या यंत्राने तयार केलेल्या चित्रांतही गेटीचा शिक्का वेडावाकडा उमटलेला दिसत होता. इतके फोटो यंत्राला चारले गेले की शिक्का हा फोटोचाच भाग असं ते धरून चाललं.

म्हणून मी पुन्हा अप्पांच्या पद्धतीकडे आले. तू लहान होतीस, तुला त्यांची डार्करूम आठवत नसेल. काउंटरवर लोखंडी दांडीचा एक शिक्का असायचा. फोटो करड्या माउंटवर चिकटवला की माउंटची खालची कड त्यात धरायची आणि दांडी दाबायची. शाई नाही, रंग नाही. कागद तेवढा उचलला जाऊन अक्षरं उठायची. स्टुडिओचं नाव आणि खाली 'फलटण'. उजेड बाजूने आला तरच दिसणार. आणि ते माउंटवर, फोटोवर कधीच नाही. मग फोटो उलटा करून मागे पेन्सिलीने निगेटिव्हचा नंबर लिहायचे, आणि निगेटिव्ह त्याच नंबराच्या पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात.

लहानपणी मला वाटायचं, नाव म्हणजे जाहिरात. एकदा बारामतीकडचे एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले, उदबत्तीच्या धुराने पिवळा पडलेला. चार भावंडांना एकेक प्रत हवी होती. माउंटवरच्या नावामुळे त्यांना दुकान सापडलं आणि मागच्या नंबरामुळे अप्पांना निगेटिव्ह. संध्याकाळपर्यंत चार कोऱ्या प्रती तयार. पुढचं नाव गिऱ्हाइकासाठी असतं, मागचा नंबर आपल्यासाठी, आणि दोन्ही लागतात ते परत भेट व्हावी म्हणून. मी त्या बाईच्या फोटोवर नाव एवढं मोठं टाकलं की तिची मुलं बरोबर माझ्या दारात आली, आणि द्यायला माझ्याकडे निगेटिव्ह नव्हती.

ही रीत अप्पांची एकट्याची नव्हती. सॅम्युअल बोर्न १८६०च्या दशकात हिमालयात काचेच्या प्लेटा घेऊन फिरला, तोही निगेटिव्हवरच कोपऱ्यात आपलं नाव आणि क्रमांक बारीक अक्षरांत घालायचा; प्रिंट काढली की ते दिसतं. दीडशे वर्षांनी कुणी संग्राहक ती प्रिंट हातात घेतो तेव्हा डोंगर बोर्नचा आहे हे त्या कोपऱ्यावरून ओळखतो, आणि डोंगर पूर्ण दिसतो.

नावाची गरजच नाही असं मी म्हणत नाही, उलट बायकांनी तर ते सोडूच नये. होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या, नावाने छापले जायचे. मुंबईच्या जे. जे.त शिकलेली, देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून पुढे ओळखली गेलेली बाई, तिचं काम दुसऱ्याच्या नावाखाली. २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्यांनी कॅमेरा ठेवून चाळीस वर्षं झाली होती. हे वाचलं तेव्हा मला लग्नांत अजून ऐकावं लागणारं "फोटोग्राफर कुठायत?" आठवलं, गळ्यात दोन कॅमेरे असताना विचारलेलं. तेव्हा नाव घाल. कुठे घालायचं एवढाच प्रश्न आहे.

मी आता असं करते. फोटोच्या खाली पांढरी पट्टी सोडते, माउंटसारखी, आणि त्यावर नाव, फलटण, वर्ष. पट्टी कापता येते, मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी माझा रिंगणाचा फोटो पट्टी कापून कुणीतरी शुभेच्छांच्या फ्लेक्सवर लावला होता, स्टँडजवळच. मी त्यांना मूळ रॉ फाइल दाखवली. त्यात त्यांच्या फोटोबाहेरचा भाग होता, डावीकडे अर्धी कापली गेलेली बैलगाडी, आणि ती दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही. नाव लागलं, पैसे नाही मिळाले. रॉ हीच आता आपली निगेटिव्ह. ती कुणाला द्यायची नाही आणि दोन ठिकाणी ठेवायची. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरांत. एक तुझ्याकडे, एक इथे माझ्या कपाटात, आणि यावर वाद नको.

पेन्सिलीच्या नंबराच्या जागी फाइलच्या आत माहिती भरता येते: कर्ता, हक्क, संपर्क. कॅमेऱ्यातच एकदा नाव घालून ठेव, दर फोटोत ते जाईल. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास की ते सगळं पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलास तर राहतं. त्याच माहितीत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात हे मात्र ध्यानात ठेव. कुणाच्या घरातला, घरट्याचा किंवा दुर्मीळ फुलाचा फोटो असेल तेव्हा ते आधी काढून टाक.

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू शटर दाबलंस तेव्हाच तो फोटो तुझा झाला. शिक्का नसला, नोंदणी नसली तरी. २०१२च्या दुरुस्तीपासून हा हक्क तुझ्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. फोटोसोबतची नावाची, हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा त्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे कोपऱ्यातलं बारीक नावही तेवढंच वजनाचं आहे, मधोमध घातल्याने ते वाढत नाही. पण याच कायद्याच्या १७व्या कलमात असंही आहे की कुणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो, आपण नाही. कर्ता म्हणून नावाचा हक्क आपला राहतो, फोटो त्यांचा. मी लोकांच्या मालकीच्या वस्तूवर माझा फोन नंबर छापत होते, आणि मला ते इतकी वर्षं माहीतही नव्हतं. बॅलन्स येईपर्यंत सिलेक्शनच्या प्रतींवर मी अजूनही शिक्का मारते, पोटाचा प्रश्न आहे. मात्र पैसे आले की सगळ्या फाइली कोऱ्या देते, निवडलेल्या आणि न निवडलेल्याही.

त्या आजींकडून तू पैसे घेतले नाहीस, त्यांनीही दिले नाहीत, तेव्हा कायद्याने फोटो तुझा. पण एक विचारते, रागावू नकोस. तुझं नाव लावलं नाही म्हणून तू रात्रभर जागलीस. त्यांचं नाव तू विचारलं होतंस का? त्यांच्या घरी हा फोटो आहे का? मधोमध नाव टाकशील तर ते नेमकं त्या हातावर येईल, माती आणि कपाळ यांच्यामधल्या जागेत. आणि उद्या त्यांच्या नातवाला कुठल्याशा ग्रुपवर तो सापडला, तर त्याच्याकडे तसाच राहील.

मी आज फोटो मोठा करून बघितला. आजींच्या मागे, उजवीकडे, झेंड्याच्या काठीजवळ दिंडीची पाटी दिसतेय. 'रथामागे' एवढं वाचता येतं, पुढचा क्रमांक व्हॉट्सॲपने खाऊन टाकलाय. तुझ्या मूळ फाइलमध्ये तो नक्की वाचता येईल. क्रमांक कळला तर दिंडीचं गाव कळेल, आणि गाव कळलं तर तुळस घेऊन चालणारी बाई शोधायला वेळ लागणार नाही. इथल्या विसाव्याला दरवर्षी येणारे दोन दिंडीचालक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना विचारते.

फाइल मेलने पाठव. पोस्टकार्ड साइज छोटा होईल, आठ बाय बाराच्या दोन प्रती काढते, मॅट कागदावर. करडा माउंट अजून अर्धं रीम शिल्लक आहे. खाली तुझं नाव कसं लिहू ते कळव, पूर्ण की नुसतं पहिलं.

बाबांना सांग गुडघ्याचं तेल मिळालं.

तुझी,
आत्या