कुंपणातला वेग

वेगाचे वेड ही पाश्चात्त्यांनी आपल्याकडे आणलेली व्याधी आहे, असे मानणारे पुष्कळ सज्जन माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना मी एवढेच सुचवीन की, सुगी आटोपल्यावर त्यांनी एकदा आमच्या सेनगावाकडे यावे आणि एखादा शंकरपट पाहावा. एरवी एस्.टी. चुकली तरी पुढच्या गाडीची झाडाखाली स्वस्थपणे वाट पाहणारा आमचा शेतकरी त्या दिवशी पटाच्या कडेला उभा राहून सेकंदाच्या अंशावरून शेजाऱ्याशी हमरीतुमरीवर येतो. बैलजोडी सुटते, धुळीचा लोट उठतो, आणि धुरकऱ्याची नजर शिंगांच्या मधून पटाच्या शेवटच्या टोकावर जी खिळते ती तेथे पोहोचेपर्यंत हलत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या, २०२१ साली त्यांना सशर्त परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठाने आपल्या राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. मुक्या जनावरांच्या क्लेशाचा प्रश्न गंभीर आहे आणि तो येथे सोडवावयाचा माझा विचार नाही. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. मधल्या सात वर्षांत पट बंद होते, परंतु वेगाची हौस काही बंद झाली नव्हती. ती मोटारसायकलवर बसून सार्वजनिक सडकेवर हिंडत होती.

हा विचार माझ्या मनात घोळू लागला तो माझ्या भाच्यामुळे. तो गुरुग्रामला एका मोठ्या धंद्यात भागीदार आहे. त्याने जर्मन बनावटीची एक जंगी मोटार घेतली आहे आणि वर्षातून तीनचार वेळा तो ती शर्यतीच्या मैदानावर नेऊन पळवितो, ही वार्ता अक्कांच्या कानी गेली तेव्हा त्यांची झोप उडाली. उडावी हे स्वाभाविकच होते. भाचा शाळेत असताना त्याचे वडील एका संध्याकाळी दुचाकीवरून परगावी म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. रस्त्याने घेतलेल्या माणसाच्या जागी अक्कांनी ह्या एकाच मुलाला उभे केले आहे. त्या मला म्हणाल्या, “तू त्याचा मामा. शिवाय शिकविणारा माणूस. जाऊन दोन शब्द सांग. माझे ऐकत नाही, तुझे ऐकेल.” थोरल्या बहिणीची आज्ञा मोडण्याची आमच्या घरात रीत नाही. दिवाळीच्या सुटीत मी दिल्लीची गाडी धरली.

ज्या मोटारीविषयी ही चिंता, तिच्या जातीला इंग्रजीत सलून म्हणतात. आमच्या सेनगावात सलून म्हटले की आरसा, कात्री आणि वर्तमानपत्राची पुरवणी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे आता सर्वत्र सेडान हा शब्द रूढ झाला आहे तो बराच म्हणावयाचा. परंतु मूळ शब्दात अर्थ आहे. सलून म्हणजे बैठकीची खोली. चार दारे, मऊ आसने, मागे सामानाची पेटी, आजीबाईंनाही सुखाने बसता यावे असा ऐसपैस थाट. शर्यतीसाठी जी मोटार बांधतात तिच्यातून अनावश्यक असा शेरभर भारही काढून टाकलेला असतो, आणि येथे तर गाद्यागिरद्यांसकट सगळी बैठकच ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धाडावयाची! शिवाय ही बैठक वर्षानुवर्षे जड होत चालली आहे. बीएमडब्ल्यू कंपनीची एम् फाइव्ह ही ह्या जातीतील नामांकित मोटार १९८५ च्या सुमारास प्रथम निघाली, तेव्हा तिचे वजन चौदाशे किलोंच्या आसपास होते. २०२४ साली निघालेली तिचीच वंशज, पोटात विजेची बॅटरी बाळगीत असल्यामुळे, चोवीसशे किलोंच्याही वर गेली आहे. भाच्याची मोटार ह्या दोहोंच्या मधली, सुमारे एकोणीसशे किलो वजनाची आणि सहाशे अश्वशक्तीची. सहाशे घोडे ही कल्पना आमच्या भागातल्या माणसाला नीटशी करता येत नाही. बैलजोडीच्या हिशेबाने मी ती करू लागलो तेव्हा सेनगावच्या बैलबाजारातील सगळी दावण मला तिला जुंपावी लागली.

बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे मैदान दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे आहे. तेथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या जागतिक शर्यती झाल्या आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल हा जर्मन तरुण पहिला आला. धावपट्टीची एक फेरी ५.१२५ किलोमीटरांची, तीत सोळा वळणे आणि सुमारे एक किलोमीटर लांबीची एक सरळ पट्टी. त्या दिवशी शर्यत नव्हती. हौशी मोटारवाल्यांनी शुल्क भरून आपापल्या गाड्या चालवाव्या असा तो दिवस होता. मी उपदेशाची तयारी करून गेलो होतो. परंतु तेथे सकाळचा पहिला तास कोणी मोटारीला हातही लावू दिला नाही. सर्वांना बाकांवर बसवून निशाणांचे अर्थ पाठ करून घेतले. पिवळे दिसले की पुढे धोका आहे, वेग आवरा आणि कोणास ओलांडू नका. निळे दिसले की मागून वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्या. तांबडे दिसले की खेळ थांबला. कोट्यवधींची उलाढाल करणारी माणसे पहिलीतल्या पोरांप्रमाणे मान डोलावीत होती. आपल्या सडकेवर तांबड्या दिव्याला जो मान मिळतो त्याची मला आठवण झाली, आणि ही मंडळी येथे जितकी शहाणी दिसतात तितकी घरी जातानाही असतात काय, असा प्रश्न मनात येऊन गेला.

प्रथम मी भाच्याच्या शेजारी बसलो. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर पट्टा. सरळ पट्टीवर काटा दोनशे तीसच्या पुढे गेला तेव्हा भय असे वाटले नाही, कारण भय वाटण्यासही थोडा अवकाश लागतो. भय वाटले ते वळणापूर्वी त्याने ब्रेक दाबला तेव्हा. मी गेली सत्तावीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवितो. गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. ते वाक्य त्या दिवशी माझ्या बरगड्यांवर पट्ट्याने उमटविले. मोटार आणि आम्ही दोघे मिळून दोन हजार किलोंच्या वर वजन. दोनशे तीसवरून नव्वदवर यावयास सुमारे चार सेकंद. एवढ्या वेळात चाकांजवळच्या चार तबकड्यांनी जी उष्णता गिळली, तिच्यात हिवाळ्यातले दहा लिटर गार पाणी खळखळा उकळले असते. घरी तेवढेच पाणी तापवावयास बंबात लाकडे घालून अर्धा तास फुंकत बसावे लागते. आणि एका फेरीत असा प्रसंग एकदा येत नाही, अनेकदा येतो.

म्हणूनच जड मोटारीचे मैदानावरचे शास्त्र वेगळे आहे. तीनचार फेऱ्यांतच तबकड्या तापून जातात, ब्रेकचे तेल उकळीच्या बेतास येते आणि पायाखालची ती विश्वासाची पट्टी मऊ लागू लागते. मग शहाणा चालक एक फेरी हळू मारतो, ब्रेकला न शिवता वाऱ्याने गाडी निववितो आणि पुन्हा पुढे सरसावतो. वळणाची गोष्ट त्याहून मौजेची. आमच्या पाठ्यपुस्तकात वळणावरच्या कमाल वेगाच्या सूत्रातून वस्तुमान दोन्ही बाजूंनी छेदले जाते. म्हणजे जड आणि हलकी गाडी सारख्याच वेगाने वळली पाहिजे. परंतु टायरच्या रबराने हे पुस्तक वाचलेले नाही. भार जसजसा वाढतो तसतशी त्याची पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणात वाढत नाही, आणि वळताना सारा भार बाहेरच्या चाकांवर लोटला जातो. मग मोटारीचे तोंड वळविले तरी देह हट्टाने सरळच जाऊ पाहतो. अशा वेळी चाक अधिक वळविणे व्यर्थ असते. वेग कमी करणे एवढाच उपाय. हा धडा वर्गात देण्यासाठी मला दुसरे उदाहरण शोधावयास नको.

दुपारी मी स्वतः तीन फेऱ्या चालविल्या. शेजारी तेथील शिक्षक बसले होते. त्यांनी सांगितलेल्या दोनच गोष्टी मी ध्यानात धरल्या. एक, ब्रेक सरळ रेषेत असतानाच लावा; वळणात हळू शिरा म्हणजे जलद बाहेर पडाल. दुसरी, जेथे जावयाचे आहे तेथे पाहा. जेथे जावयाचे नाही तेथे पाहू नका, नाही तर हात नजरेच्या मागे जातात. दुसरी सूचना ऐकताच मला शंकरपटातील धुरकरी आठवला. सरळ पट्टीवर मी एकशे ऐंशीपर्यंत गेलो. त्या क्षणी मनात महाविद्यालय नव्हते, वेतन नव्हते, गुडघेदुखी नव्हती. पुढचे वळण तेवढे होते. इतकी निर्मळ एकाग्रता मला पूर्वी एखाद्या अवघड गणिताशी झगडतानाच लाभली होती.

धावपट्टी ही चैनीची वस्तू आहे हे खरे. पण ती कशी जन्मली हे पाहण्यासारखे आहे. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदपर्यंत सडकेवरून मोटारींची शर्यत निघाली. कडेला बघ्यांची गर्दी, रस्ते धुळीचे, मध्ये गावे आणि जनावरे. मार्सेल रेनो ह्या नामवंत मोटारकर्त्यासह अनेक माणसे मेली आणि शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्याने सडकेवर ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. मग १९०७ साली इंग्रजांनी सरे परगण्यात ब्रुकलंड्स येथे मोटारींसाठीच वेगळी धावपट्टी बांधली. थोडक्यात सांगावयाचे तर, वेग मारता येत नाही हे ओळखून माणसाने त्याच्याभोवती कुंपण घातले. आत सर्वजण एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही, चुकलेल्या गाडीला घसरत जावयास मोकळी जागा असते, आणि मध्येच कोणाचे पोर चेंडूमागे धावत नाही. धोका उरतोच, पण तो ज्याने पत्करला त्याच्यापुरता बहुतांशी उरतो.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. मैदानाला लागूनच २०१२ साली सुरू झालेला यमुना द्रुतगती मार्ग आहे आणि त्यावर मोटारींना ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा आहे. भाच्याने काटा नव्वदच्या पुढे जाऊ दिला नाही. लहान लहान गाड्या शिट्ट्या फुंकीत आम्हांला ओलांडून जात होत्या. मी विचारले, “आता का रे हा मुंगीचा वेग?” तो म्हणाला, “मामा, तिथे ब्रेक दाबल्यावर ही गाडी किती लांब जाऊन थांबते ते मी पाहिलेले आहे. ह्या लोकांनी ते पाहिलेले नाही.” थोड्या वेळाने, समोर पाहतच, तो म्हणाला, “बाबांना ज्याने धडक दिली त्यानेही पाहिले नसावे.” मी बरोबर आणलेल्या उपदेशाचे बोचके त्यानंतर सोडले नाही.

अक्कांना मी सारे सांगितले. भाचा मैदानावर जातो म्हणून रस्त्यावर जपतो, असे माझे मत मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि होकार दिला नाही. “तू प्राध्यापक आहेस, मी आई आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. “मैदानावरून निघताना एक आणि घरी पोहोचल्यावर एक, असे दोन फोन करायला सांग.” भाचा ते नेमाने करतो. तर्काने जे सुटत नाही ते पुष्कळदा अशा तहाने सुटते.

परंतु माझ्या मनाला लागून राहिलेला प्रश्न भाच्याचा नाही. त्याला मैदान परवडते. आमच्या उत्तरेस, वाशीम आणि बुलढाणा जिल्ह्यांतून, सातशे एक किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो पुरा झाला. सपाट प्रदेशात त्यावर मोटारींना ताशी एकशे वीसची मर्यादा आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी भाड्याच्या मोटारी चालवितात, कोणी मित्राची नवी गाडी घेऊन “एकदा बघू” म्हणून तेथे जातात. त्यांची हौस भाच्याच्या हौसेहून हलकी नाही. तिच्याभोवती कुंपण मात्र नाही. जिल्ह्याजिल्ह्याला धावपट्टी बांधा असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. गरिबाच्या पोराला ते मैदान दाखविता येत नसेल तर निदान त्याचे गणित तरी दाखवावे, एवढे माझ्या हाती आहे.

म्हणून आता दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एक उदाहरण घालतो. कोरडी सडक, चांगले टायर, आणि संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद. एकशे वीसने जाणारी गाडी सुमारे एकशे चार मीटरांवर थांबते. आता शेजारून एकशे साठने जाणारी गाडी घ्या. त्याच क्षणी संकट दिसले, त्याच क्षणी ब्रेक दाबला. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, तेथे दुसरीचा वेग किती उरला असेल? मुले अंदाज करतात: वीस, तीस, फार तर चाळीस. मग मी त्यांनाच ते सोडवावयास लावतो. उत्तर सुमारे एकशे पंधरा येते. मागच्या बाकावरची मुले ते दोनदा तपासून पाहतात, आणि बराच वेळ वर्गात कोणी बोलत नाही.