मातीचे खांदे

भिलाईच्या आमच्या घरात बैल कधी नव्हता. पोळा मात्र होता. वडील विदर्भातल्या शेतकरी घरातून पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि मागे गावी बैलांची जोडी विकली गेली. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती. पेटलेल्या भट्टीला तिथी नसते. पोळ्याच्या अमावास्येलाही वडिलांची पाळी असेच.

बैलाची उणीव दुर्गच्या बाजारातल्या कुंभारांनी भरून काढली. छत्तीसगडातही त्याच दिवशी 'पोरा' असतो. आमच्या पंचांगात ती श्रावणाची अमावास्या, शेजाऱ्यांच्या पंचांगात भाद्रपदाची. कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचा नांदिया बैल मातीचा, मातीच्याच चाकांवर चालणारा. मुलींसाठी मातीची चूल आणि जाते. शेजारणीकडून ठेठरी-खुरमी येई, आमच्याकडून पुरणपोळी जाई. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात. आमच्याकडे मोठ्यांनीच खेळण्यातला बैल पुजायला घेतला होता.

मला ते लटके वाटे. पोळ्याचा जीव मिरवणुकीत नाही, आदल्या संध्याकाळच्या खांदशेकणीत आहे. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचे, शेक द्यायचा, उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. वर्षभर राबवून घेतल्याची ती कबुली. ज्या खांद्यावर जू कधी आलेच नाही, त्याच्यापुढे कबुली कसली द्यायची? एकदा हे वडिलांना विचारलेही. ते काही बोलले नाहीत. मातीच्या खांद्यावर बोट फिरवत राहिले.

पुढे अथेन्सच्या बूफोनिया या उत्सवाविषयी वाचले. झ्यूसच्या वेदीवर धान्य ठेवीत, भोवती बैल फिरवीत. जो ते खाई त्याला कुऱ्हाडीने मारीत आणि मारणारा पळून जाई. मग खटला चाले. पाणी आणणाऱ्या मुलींनी धार लावणाऱ्यांवर दोष ढकलायचा, त्यांनी पुढच्यावर. अखेरीस दोषी ठरे ते हत्यार, आणि ते समुद्रात फेकले जाई. बैलाचे मांस सगळे खात. त्याच्या कातड्यात पेंढा भरून त्याला नांगराला जुंपीत!

जुन्या देवांना पुन्हा भजणाऱ्या ग्रीकांच्या धर्माला ग्रीस सरकारने २०१७ साली मान्यता दिली. नगराची ती वेदी नाही, बळीचा बैल नाही, मग त्या उत्सवांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनाही सोडवावा लागतो. प्राण्यांच्या आकाराच्या भाकरी वाहण्याची चाल तर प्राचीन ग्रीकांतही होती. पेंढ्याच्या त्या बैलाने माझा हट्ट सैल केला. ज्याला मी मूळ विधी म्हणत होतो, त्यातही अखेरीस एक खोटा बैल उभा होताच. तरी मारून मग हत्याराला दोष देण्यापेक्षा, जिवंत खांद्याला हात लावून कबूल होणे मला अधिक सरळ वाटते.

एका वर्षी खांदशेकणीच्या दिवशी वडील पहिली पाळी करून आले ते उजवा खांदा धरूनच. संध्याकाळी बैलाला लोणी लावून झाले. वाटीत थोडे उरले होते. आईने ते निखाऱ्यावर कोमट केले, वडिलांना पाठमोरे बसवले आणि त्यांच्या खांद्याला चोळू लागली. तिने काही म्हटले नाही. आवतण देण्याचे तेवढे राहिले, म्हणून वडील हसले; मग बराच वेळ मान खाली घालून बसून राहिले.