बाहेरून लावलेला टेप

रिमची रुंदी आतून मोजायची असते. टायर ज्या दोन उभ्या काठांमध्ये अडकून बसतो, त्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर म्हणजे रुंदी. मी टेप लावला तो बाहेरून, पत्र्याच्या कडांसकट. माझ्या सेकंडहँड डिफेंडरची लोखंडी रिम साडेसहा इंच भरली. होती साडेपाचची.

मोठे टायर घ्यायचं कारण सांगायला लाज वाटते. मी राहतो त्या नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण, व्हाल्सरबर्ग, जेमतेम ३२२ मीटर. साताऱ्याच्या घाटात वाढलेल्या माणसाला इथे चढ शोधावा लागतो. जंगलातल्या बहुतेक वाटांवर लाल कडेची पांढरी गोल पाटी असते, म्हणजे वाहनांना बंदी. उरतात ड्रेंटे प्रांतातले काही कच्चे रस्ते आणि आमच्या ऑफ-रोड क्लबने एखाद्या दिवसापुरत्या घेतलेल्या वाळूच्या खाणी. बाकी सगळं डांबर. तरी मला गाडी रांगडी दिसायला हवी होती. "ऑफिसला जायला एवढे टायर?" असं बायकोने विचारलं, तेव्हा मी तिला ग्रिपवर व्याख्यान दिलं.

घेतले ते जुने २६५/७५ आर १६. यातले २६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, एवढं मला माहीत होतं. पण तो आकडा एकट्या टायरचा नसतो. साडेसात इंची रिमवर बसवला तरच हा टायर २६५ च्या आसपास भरतो. रिम अर्धा इंच कमी-जास्त झाली की टायर साधारण पाच मिलिमीटरने आखडतो किंवा फुगतो. चालणारी रिम सात ते आठ इंच, असं कंपनीच्या तक्त्यात छापलेलंच असतं. मी तक्ता पाहिला होता, हे जास्त वाईट. माझ्या हिशेबाने अर्धाच इंच कमी पडत होता, आणि अर्ध्या इंचाने काय बिघडतंय! खरा फरक दीड इंचाचा. पहिल्या टायरवाल्याने हात लावायला नकार दिला. मला तो नियमांचा बाऊ करणारा टिपिकल डच वाटला. मग ओळखीतल्या एकाच्या शेडमध्ये शनिवारी काम उरकलं.

टायरच्या बाजू आत खेचल्या गेल्या आणि मधला भाग फुगून वर आला. हायवेवर गाडी लेन सोडून भटकायची. मार्च २०२० पासून इथे बहुतेक हायवेवर दिवसा ताशी १०० ची मर्यादा आहे, तीच बहुधा माझ्या कामी आली. क्लबमधल्या एका वयस्कर माणसाने टायरवर खडूची आडवी रेघ मारून थोडं अंतर गाडी चालवायला लावली. मधली रेघ पुसली गेली, कडांची तशीच राहिली. यावर मी काय करावं? हवा कमी केली. टायर जमिनीला पूर्ण टेकला, पण पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा त्याच्या बाजूला हात ठेववेना. कमी हवेवर वेगात धावताना टायरची बाजू सतत दुमडते, तापते, आणि फुटायची सुरुवात तिथूनच होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. आठ इंची रिम घेतल्या, मायनस ऑफसेटच्या, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला सरकवणाऱ्या. रुंदी तक्त्यात बसत होती, पण ऑफसेट मी फक्त फोटोवरून निवडला. चाकाची मध्यरेषा पाच सेंटिमीटरहून जास्त बाहेर आली. एपीके म्हणजे इथली गाड्यांची ठरावीक काळाने होणारी तपासणी; त्यात चाकं नीट झाकलेली लागतात. तपासणाऱ्याने वरून खाली एकदा पाहिलं आणि फॉर्म बाजूला ठेवला. मडगार्डना रबरी पट्ट्या लावून ते निभावलं. स्टिअरिंग मात्र प्रत्येक खड्ड्याला हात झटकू लागलं.

वाळूच्या खाणीत हवा ०.८ बारवर आणली होती, आपल्या पंपावरच्या भाषेत बारा. वळताना डाव्या पुढच्या टायरचा काठ रिमवरून सुटला. रुंद रिमवर टायरच्या बाजू सरळ ताणलेल्या असतात, काठाला धरून ठेवणारा फुगवटा राहत नाही. टायरभोवती रॅचेटचा पट्टा आवळून, कॉम्प्रेसरने हवा मारून तो परत बसवला. फाट असा आवाज होऊन टायर बसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला आवडल्या नाहीत.

शहाणपण आलं ते शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडून. त्याच्या ट्रॅक्टरला फ्रेडेस्टाइनचे रुंद टायर होते. (एन्स्खेडेची ही कंपनी २००९ मध्ये आपल्या अपोलोने घेतली, हे मीच त्याला सांगितलं, त्याला ते आधीच ठाऊक होतं.) ओल्या जमिनीची माती दाबली जाऊन घट्ट होऊ नये, म्हणून तो रुंद टायर कमी हवेवर चालवतो. त्यासाठी त्याच्याकडे तक्ता: वजन किती, वेग किती, तर हवा किती, रिम कोणती. माझी चाकं पाहून त्याने विचारलं, "वजन किती पडतं एका चाकावर?" मला सांगता येईना.

आता गाडीला २३५/८५ आर १६ आहेत, साडेसहा इंची रिमवर, मूळच्यासारख्या ऑफसेटच्या. या टायरला सहा ते साडेसात इंच चालतात. हिशेब केल्यावर कळलं, उंचीत दोन्ही टायरमध्ये फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, ८०४ आणि ८०६. म्हणजे आधीच्या रुंद टायरनी जमिनीपासूनची उंची यांच्यापेक्षा जास्त दिली नव्हती. मी निव्वळ रुंदी विकत घेतली होती. वाळूत हवा उतरवली की अरुंद टायर लांबीने पसरतो आणि गाडी तरून जाते. बाहेर आलेल्या चाकांमुळे सुरू झालेली पुढच्या बेअरिंगची घरघर मात्र गेली नाही. बेअरिंग बदलायचं बिल चारही आठ इंची रिमच्या किमतीपेक्षा जास्त आलं, आणि त्या रिम अजून विकल्या गेलेल्या नाहीत.