डेपोचं गणित आणि हमालाचा शून्य

जीएसटीवरची चर्चा दर आणि रिटर्नच्या पलीकडे जातच नाही. या कराने देशभरातली गोदामं हलवली, त्यावर फार कोणी बोलत नाही. मी त्या हलवाहलवीत होतो म्हणून लिहितोय.

1 जुलै 2017 च्या आधी परराज्यातल्या व्यापाऱ्याला थेट माल विकला की 2 टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि त्याची वजावट मिळत नसे. तोच माल तिथल्या स्वतःच्या डेपोत पाठवला तर हा कर नाही, फक्त एफ फॉर्म. मग काय, कंपन्यांनी राज्याराज्यात डेपो उघडले. गिऱ्हाइकासाठी नव्हे, करासाठी.

जीएसटी आल्यावर आमच्या कंपनीने विचारलं, आता एवढे डेपो कशाला? आम्ही गणित मांडलं. प्रत्येक जागेपुढे 1 किंवा 0, म्हणजे चालू किंवा बंद. प्रत्येक गावाची मागणी कुठून तरी भागलीच पाहिजे. आणि गोदामभाडं, ट्रकभाडं, पडून राहणारा साठा यांची बेरीज कमीत कमी यायला हवी. साठ्याची गंमत अशी, की सोळा ठिकाणचा राखीव साठा चार ठिकाणी आणला तर साधारण निम्माच पुरतो, कारण एकीकडची वाढलेली मागणी बऱ्याचदा दुसरीकडच्या घटीत जिरते. हा फायदा खरा आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

एका साहेबांचं म्हणणं, नागपूर देशाच्या मध्यावर आहे, सगळं तिथेच न्या. उत्तर आलं भिवंडी. माल नकाशाच्या मध्याकडे जात नाही, गिऱ्हाइकाकडे जातो. (झिरो माईलवाल्यांनी रागावू नये.)

पण डेपो बंद करण्याचा खर्च म्हणून आम्हाला मिळालेल्या आकड्यात भाडेकराराचा दंड होता, रॅक हलवायचा खर्च होता. वर्षानुवर्षं खोकी उचलणारे हमाल ठेकेदाराचे, म्हणून ते शून्य. मी प्रत्येकी सहा महिन्यांची मजुरी धरून गणित पुन्हा चालवलं. एक डेपो वाचला. एकूण खर्च इतका थोडा वाढला, की फरक दशांश चिन्हापुढे शोधावा लागला. ‘कायद्याने देणं लागत नाही,’ म्हणून ती ओळ काढायला सांगितली गेली.

त्याच वेळी राज्यांचा महसूल बुडेल म्हणून पाच वर्षं, वार्षिक 14 टक्के वाढ धरून, भरपाईची हमी कायद्यात होती. जुन्या करापोटी उभ्या राहिलेल्या डेपोंवरच्या माणसांसाठी त्या कायद्यात काही नव्हतं.

ती ओळ माझ्याकडे अजून आहे. कोणाला बघायची असेल तर दाखवीन, कंपनीचं नाव झाकून.