मृदुत्वाचें बळ

चीनची राजधानी बीजिंग येथें ‘स्वर्गमंदिर’ नांवाचें भव्य स्थान आहे. इ. स. १४२० मध्यें उभारलेल्या ह्या मंदिरांत पूर्वीं सम्राट् सुगीसाठीं प्रार्थना करीत. आतां भोंवतालचें आवार सार्वजनिक उद्यान झालें असून तेथील पुरातन सरूंखालीं प्रातःकाळीं सामान्य जन जमतात. आम्ही गेलों तेव्हां कांहीं वृद्ध स्त्रीपुरुष अत्यंत सावकाश अंगचालन करीत होते. पाऊल पुढें पडे, पण देहाचा भार त्यावर लगेच येत नसे. एका भांड्यांतील पाणी दुसऱ्यांत ओतावें तसा तो हळूहळू एका पायावरून दुसऱ्यावर जाई. खांदे सैल, श्वास शांत. हीच ताइ-ची.

ही मूळची युद्धविद्या आहे, हें ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. हेनान प्रांतांत, ह्वांगहो नदीच्या उत्तरेस, चेनजियागौ नांवाचें खेडें आहे. तेथील चेन घराण्यांत सतराव्या शतकापासून ही विद्या चालत आली. तींत मंद गतीबरोबरच उड्या, पाय आपटणें व अकस्मात् आघात असत. हेबेई प्रांतांतील यांग लू-छान (१७९९–१८७२) यांनीं चेन चांग-शिंग ह्या गुरूंपाशीं ती संपादिली व बीजिंगला राजघराण्यांतील मंडळींस शिकविली. त्यांचे नातू यांग चेंग-फू (१८८३–१९३६) यांनीं उड्या व आघात वगळून सर्व गति एकसारखी, मंद व विस्तृत केली. विद्येंतील तेज गेलें, असें कोणी म्हणेल. परंतु तरुण मल्लांची विद्या आजीबाईंच्या हातीं आली ती ह्याच मृदुत्वामुळें. पुढें १९५६ सालीं यांग पद्धतीवरून २४ पवित्र्यांचा सुटसुटीत क्रम चीनमध्यें सिद्ध झाला, आणि २०२० सालीं युनेस्कोनें ह्या विद्येस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें.

हिचा लाभ कोणता? आमच्या वयाच्या माणसास मरणापेक्षां न्हाणीघरांत पाय घसरण्याचें भय अधिक असतें. मांडीचें हाड मोडलें कीं स्वावलंबन संपलें आणि सारें घर अंथरुणाभोंवतीं बांधलें गेलें! गुडघे किंचित् वांकवून एकेका पायावर भार तोलण्याच्या ह्या अभ्यासानें पाय बळकट होतात व तोल सावरण्याची संवय लागते. अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत कंपवाताच्या १९५ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून दोनदां एकेक तास, असे २४ आठवडे ताइ-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला. केवळ अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षां ते कमी वेळां पडले. मूळ रोग हिनें बरा होतो, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. आणि सांधे दुखत असल्यास डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा.

पतंजलींनीं आसनास स्थैर्य व सुख हीं दोन लक्षणें सांगितलीं. ताइ-चींत तींच लक्षणें चालत्या देहांत दिसतात. हिला साधन लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. अंगणाएवढी जागा, जाणता शिक्षक व नित्य नियम एवढें पुरे. स्थिर बसणें आम्ही बाळपणीं शिकलों. स्थिर चालणें शिकण्याचें वय हेंच होय.