सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध

रात्रीचे साडेदहा. संध्याकाळचं दूध संकलन आटोपून, कॅन धुऊन आत्ता घरी पोचलो. हाताला अजून दुधाचा वास आहे. आई जेवायची थांबली होती.

नोकरी सांभाळून एमबीए सीईटीची तयारी चाललीय. परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न. एकेकाला 45 सेकंद. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे भिंतीवर लिहून ठेवलंय. घोडं अडतं ते वेगापाशी. पहाटे पाचला संकलन केंद्र उघडायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. अभ्यासाला दुपारचे तीन तास आणि झोप मोडून काढलेली रात्र.

आज मिश्रणाचं गणित समोर आलं. 3.5 फॅटचं 40 लिटर आणि 6 फॅटचं 10 लिटर दूध एकत्र केलं, तर फॅट किती? पेन उचलायच्या आत उत्तर आलं, 4. गाईच्या दुधात म्हशीचं मिसळलं की फॅट किती चढते, हे मी रोज मशीनवर बघतो! पुस्तकात परकं वाटणारं गणित माझ्या हातातलंच निघालं. इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

नोकरी सोड, पुण्याला क्लास लाव, असं मित्र म्हणतो. मला पटत नाही. घर या पगारावर चालतं. आणि मला शिकायचंय तेही याच धंद्यासाठी. प्रवरेकाठच्या शेतकऱ्याच्या दुधाचा भाव कुठे आणि कसा ठरतो, ते मला मुळापासून समजून घ्यायचंय.

आकृत्यांचे 25 प्रश्न आज सोडवायचे राहिलेत. पावणेपाचचा गजर लावलाय.