इंजिन लोड घेत नाही

एकदम बंद पडलेलं डिझेल इंजिन दुरुस्त करणं तुलनेनं सोपं. जे चालू होतं, मोकळं असताना छान चालतं, रेस दिली की आवाजही चढतो, पण पंप जोडला किंवा बोटीचा पंखा पाण्यात फिरू लागला की दम सोडतं, त्याच्यापाशी मात्र मी पाना खाली ठेवून आधी नुसता उभा राहतो. मोकळ्या इंजिनाला डिझेल लागतंच किती? अर्धी तुंबलेली नळीसुद्धा तेवढं पुरवते. लोड आलं की मागणी कित्येक पटींनी वाढते आणि दडलेली अडचण तेव्हाच बाहेर येते. म्हणून असं इंजिन वर्कशॉपमध्ये आणून तपासण्यात अर्थ नसतो. ते जिथे थकतं तिथेच जाऊन बघावं लागतं.

माझं काम नागपुरात आणि काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची एक सिलिंडरवाली इंजिनं, मंगल कार्यालयांमागचे जनरेटर. समुद्र आमच्यापासून दोन्ही बाजूंनी लांब. तरी पावसाळा संपला की गोव्याहून एका स्नेह्यांचा फोन हमखास येतो. मांडवी नदीत त्यांची शिडाची बोट असते. वारा पडल्यावर, धक्क्याला लागताना, नदीच्या मुखातून बाहेर पडताना शिडाच्या बोटीलाही डिझेलचाच आधार. बाकी वर्षभर ते इंजिन बसून असतं, आणि डिझेल इंजिनाला बसून राहणं मानवत नाही.

एका वर्षीची त्यांची तक्रार मला फार शिकवून गेली. नदीत इंजिन तासभर छान चाले. मुखाशी, आग्वादपाशी लाटा लागल्या की फेरे पडत, कधी इंजिन बंदच होई. दहा मिनिटं थांबून चावी फिरवली की जणू काही झालंच नाही असं पुन्हा सुरू. तिथल्या मेकॅनिकनं नोझल तपासून दिलं होतं, फिल्टर बदलला होता, आता डिझेलचा इंजेक्शन पंप खोलायचं म्हणत होता.

"दादा, पंपाला हात लावू देऊ नका," मी म्हटलं. "दम सोडताना धूर कोणता येतो ते सांगा."

"धूर तर काही दिसतच नाही."

अर्धा निकाल तिथेच लागला. काळा धूर असता तर डिझेल भरपूर पोचतंय, पण ते जाळायला हवा अपुरी आहे किंवा लोड झेपण्यापलीकडचं आहे, असा अर्थ झाला असता. मग मी एअर फिल्टर बघायला सांगितला असता, पंख्यावर शिंपल्यांचा थर बसलाय का ते पाहायला पाण्यात उतरायला लावलं असतं. एक्झॉस्टचा बाकही उघडायला लावला असता. समुद्री इंजिनात थंडाव्याचं पाणी तिथे धुरात सोडतात, आणि मीठ-काजळीनं तो आतून अरुंद होत जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा आत पाणी शिरलंय. आणि दम नाही, धूरही नाही, म्हणजे इंजिन उपाशी आहे.

आता उपासमार कुठे ते शोधायचं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते, आणि या भागात भले भले फसतात. तिथलं वॉशर सैल असलं तरी बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही, उलट आत हवा ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. काटोलकडची जुनी मंडळी अशा वेळी टाकीच बाजूला काढतात. इंजिनाच्या वर एक कॅन टांगायचा, त्यातून स्वच्छ डिझेल सोडायचं आणि पंप चालवायचा. दोघांनाही मी तेच सांगितलं, स्नेह्यांना आणि त्यांच्या मेकॅनिकला: कॅन घट्ट बांधा आणि त्याच लाटांत जा.

संध्याकाळी फोन आला. आग्वादच्या बाहेर इंजिन पूर्ण रेसवर मजेत चाललं होतं. नोझल, पंप, पंखा सगळे निर्दोष. टाकी उघडली तेव्हा तळातून डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या जाळीला काळा, बुळबुळीत गाळ चिकटलेला सापडला. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळाभर दमट हवा होती, भिंतींवर पाणी धरलं, ते तळाशी साचलं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढले. नदीत तो गाळ तळाशी शांत पडून राही. लाटांनी टाकी घुसळली की जाळीवर येऊन बसे. इंजिन थांबलं, ओढ संपली की गळून पडे. दहा मिनिटांचं कोडं ते एवढंच होतं.

पावसाळ्यात बोट बसवून ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, हे तेव्हापासून मी कुणालाही आग्रहानं सांगतो. नरखेडकडे उपासमारीचा वेगळाच प्रकार दिसतो. टाकीचं झाकण हरवलं की तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधतात. डिझेल कमी होतं, आत हवा यायला वाट नाही, अर्ध्या तासानं इंजिन ढेपाळतं. पिशवी सोडली की सुस्स आवाज होतो आणि पुन्हा पाणी सुरू. यापायीसुद्धा लोकांनी इंजेक्शन पंप खोललेले मी पाहिलेत. पंपातला प्लंजर आणि त्याचं घर यांत दोन-तीन मायक्रॉनची फट असते. ती जोडी धुळीच्या बांधावर उघडणं म्हणजे नसलेला बिघाड घालणं, आणि त्याचा खर्च ऐन ओलिताच्या दिवसांत शेतकऱ्याच्या माथी बसतो. याचा मला राग येतो.

उगाच न खोलण्याचा विषय निघाला की मला 'म्हादेई' आठवते. मांडवीतल्याच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ही शिडाची बोट बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 ते मे 2010 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दोन बंदरांच्या मधे काही बिघडलं तर दुरुस्त करायला बोटीवर दुसरा माणूसच नव्हता. त्यांच्या प्रवासाचा विचार करताना माझं लक्ष शिडांपेक्षा हत्यारांच्या पेटीकडेच जातं. अशा माणसाला आधी काय खोलायचं नाही हे पक्कं ठाऊक असावं लागतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना म्हणून मी पहिले काही महिने नोझलपर्यंत जाऊ देत नाही. टाकी, झाकण, जाळी, नळी, वॉशर, फिल्टर, याच क्रमानं त्यांनी डिझेलच्या मागे मागे जायचं. आणि जॉबकार्डावर पहिल्या ओळीत धुराचा रंग लिहायचा, कोणत्या लोडला आणि किती वेळानं दम गेला तेही. ती ओळ कोरी असेल तर मी पुढचं वाचत नाही.